अंदमानच्या दप्तरात हरवलेली माणसे

अंदमानचे नाव निघताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच कोठडी उभी राहते, आणि त्यात अस्वाभाविक असे काही नाही; कारण ४ जुलै १९११ रोजी ‘महाराजा’ बोटीतून विनायक दामोदर सावरकर त्या बेटावर उतरले, तेव्हा त्यांचे वडील बंधू बाबाराव तेथे आधीच शिक्षा भोगीत होते, आणि पुढे १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथाने त्या तुरुंगातील कोलू, छिलका, कांजी आणि दंडाबेडी हे शब्द महाराष्ट्रातील घराघरांत नेऊन पोचविले. मात्र ज्या दिवशी सावरकर तेथे उतरले, त्या दिवशी त्या बंदिवसाहतीला त्रेपन्न वर्षे उलटून गेली होती. आणि तिच्या स्थापनेपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथून समुद्रापार लोटलेल्या स्त्री-पुरुषांची संख्या सुमारे ऐंशी हजारांच्या घरात जाते. या ऐंशी हजारांपैकी ज्यांचे नाव, गाव आणि शेवट आपण सांगू शकतो असे लोक मोजू गेल्यास शेकड्यांच्या पलीकडे गणना जात नाही. त्या बेटांविषयी ज्या गूढकथा प्रवाशांना सांगितल्या जातात त्यांचे मला मोल वाटत नाही. उरलेल्या हजारोंचे काय झाले, हे मात्र मला अंदमानचे खरे गूढ वाटते, आणि त्याचे उत्तर समुद्राच्या तळाशी नसून सरकारी दप्तरखान्यांत, आपल्या हाताच्या अंतरावर, पडून आहे अशी माझी धारणा आहे.

सत्तावन्नच्या उठावानंतर कैद्यांना ठेवावे कोठे, हा प्रश्न कंपनी सरकारपुढे उभा राहिला, तेव्हा १७८९ साली आर्चिबाल्ड ब्लेअर याने वसवलेल्या आणि रोगराईमुळे १७९६ साली सोडून दिलेल्या त्या बेटांची सरकारला पुन्हा आठवण झाली. आग्र्याच्या तुरुंगाचा अधीक्षक राहिलेला डॉक्टर जेम्स पॅटिसन वॉकर १० मार्च १८५८ रोजी दोनशे कैद्यांचे पहिले चलान घेऊन तेथे पोचला. तेव्हा तेथे तुरुंगाची एकही भिंत नव्हती. समुद्र आणि निबिड अरण्य हाच कोट होता, आणि पायांत बेड्या असलेल्या माणसांनीच ते अरण्य तोडून स्वतःच्या बंदिवासाची जागा मोकळी करावयाची होती. पहिल्याच महिन्यांत शेकडो कैदी पळाले. हे अरण्य पुढे कोठेतरी ब्रह्मदेशाला जाऊन मिळते, अशी त्यांतील अनेकांची समजूत होती. पळालेल्यांपैकी काही उपासमारीने मेले, काहींना तेथील मूळच्या रहिवाशांच्या बाणांनी गाठले, आणि जे हाती लागले त्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने एकाच दिवशी फासावर लटकाविले. हा प्रकार कलकत्त्याच्या सरकारलाही सोसवला नाही व त्याने अशा शिक्षेस मनाई केली. परंतु त्या ऐंशी-पंच्याऐंशी माणसांची नावे आज कोणत्याही हुतात्मा-दिनी उच्चारली जात नाहीत.

त्या पळालेल्यांत दूधनाथ तिवारी नावाचा एक शिपाई होता. त्याच्या सोबत्यांचा संहार झाला, तो स्वतः बाणांनी घायाळ झाला, तरी अंदमानी लोकांनी त्याला जिवंत ठेवले, आपल्यात सामावून घेतले आणि लिपा नावाची एक मुलगीही त्याला दिली. सुमारे वर्षभर तो त्यांच्यात राहिला. आणि १८५९ च्या मे महिन्यात, अंदमानी लोक ॲबर्डीन येथील छावणीवर चालून येणार हे कळताच, त्यांच्या आधी धावत येऊन त्याने इंग्रजांना वर्दी दिली. हल्ला फसला. तिवारीला माफी मिळाली आणि तो मुलखी परतला. ज्यांनी जीव दिला त्यांचाच घात या माणसाने का केला? आपल्यासारखेच बेड्या घातलेले कैदी त्या हल्ल्यात मारले जातील, ही कणव त्याच्या मनात असेल; घराची ओढ असेल; किंवा माफीचा केवळ लोभही असेल. या सर्व प्रकरणाची जी हकीगत आज उपलब्ध आहे ती तिवारीने सरकारी अधिकाऱ्यांपुढे दिलेल्या जबानीवर उभी आहे, आणि माफी मागणाऱ्या माणसाची जबानी म्हणजे संपूर्ण सत्य असे कोणताही न्यायाधीश मानणार नाही. लिपाची बाजू तर कोणी विचारलीच नाही. आपण अंदमानला निर्जन कारागृह समजतो, म्हणून येथे हेही नमूद केले पाहिजे की, ज्या लोकांची ती भूमी होती, त्यांच्या हजारोंच्या संख्येची या वसाहतीने आणलेल्या रोगांनी, विशेषतः १८७७ सालच्या गोवराच्या साथीने, वाताहत केली, आणि आज ग्रेट अंदमानी जमातीची जेमतेम पन्नासएक माणसे शिल्लक आहेत. बंदिवानांच्या दुःखाचा हिशेब मांडताना हे दुसरे दुःख वगळणे मला न्याय्य वाटत नाही.

यानंतर जे प्रकरण साऱ्या साम्राज्यात गाजले ते शेर अलीचे. हा खैबरकडील आफ्रिदी पठाण. पेशावरच्या कमिशनराच्या सेवेत निष्ठेने राहिलेला. आपल्या जमातीतील वैरातून खून केल्याचा गुन्हा शाबीत होऊन त्याला आधी फाशीची व नंतर जन्मठेपेची शिक्षा झाली. अंदमानात त्याची वर्तणूक चांगली गणली गेली आणि हजामतीचे काम करीत बेटावर मोकळे फिरण्याची त्याला परवानगी मिळाली. ८ फेब्रुवारी १८७२ च्या सायंकाळी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो माउंट हॅरिएटवरून सूर्यास्त पाहून खाली उतरले, अंधार पडला होता, मशालींच्या उजेडात ते होपटाउनच्या धक्क्यावरून बोटीकडे निघाले होते, तोच मागून झेपावलेल्या शेर अलीने त्यांच्या पाठीत सुरीचे दोन वार केले, आणि थोड्याच वेळात हिंदुस्थानच्या सर्वोच्च सत्ताधीशाचे प्राण गेले. अधिकारपदावर असताना मारला गेलेला हा एकमेव व्हाइसरॉय होय. अवघ्या पाच महिन्यांपूर्वी कलकत्त्याचे प्रभारी मुख्य न्यायाधीश नॉर्मन यांचा अब्दुल्ला नावाच्या इसमाने न्यायालयाच्या पायऱ्यांवर खून केला होता. पाटण्याच्या वहाबी खटल्यांतील कैदी अंदमानातच होते. तेव्हा या दोन हत्यांमागे एकच सूत्र असावे अशी शंका येणे साहजिक होते. शेर अली मात्र अखेरपर्यंत म्हणत राहिला की, हे कृत्य ईश्वराच्या आज्ञेने केले व त्यात आपला कोणी भागीदार नाही. ११ मार्च १८७२ रोजी व्हायपर बेटावर त्याला फाशी देण्यात आली. सरकारने कसून चौकशी करूनही कटाचा पुरावा हाती लागला नाही, आणि केवळ योगायोगांची साखळी जोडून कट सिद्ध करण्याचा अलीकडचा उत्साह मला पटत नाही. परंतु या प्रकरणातील एक गोष्ट मला कटाच्या प्रश्नाहूनही अधिक अर्थपूर्ण वाटते. मेयोंचे चरित्र विल्यम विल्सन हंटर या विद्वान अधिकाऱ्याने लिहिले, आणि मारेकऱ्याचे नाव, त्याचे गाव व त्याची जमात यांना आपल्या ग्रंथात स्थान मिळणार नाही, असे त्याने त्यात हेतुपुरस्सर जाहीर केले. कैद्याचे नाव इतिहासातून पुसून टाकणे हीदेखील एक शिक्षा असते, हे हंटरने उघड सांगितले. इतरांच्या बाबतीत मात्र ती शिक्षा न सांगता अमलात आली.

आता ज्या इमारतीमुळे अंदमान ओळखले जाते तिच्याकडे वळू. लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी १८९० साली वसाहतीची पाहणी करून असा अभिप्राय दिला की, बेटावरील मोकळे जीवन कैद्यांना मुख्य भूमीवरील तुरुंगापेक्षा सुसह्य वाटू लागले आहे, म्हणून प्रत्येकाने आरंभीचा काळ एकांत कोठडीतच काढला पाहिजे. त्यानुसार १८९६ साली बांधकाम सुरू होऊन १९०६ साली सेल्युलर जेल पूर्ण झाले: मधला मनोरा आणि त्यापासून रथचक्राच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या सात तिमजली इमारती, त्यांत ६९३ कोठड्या, आणि एका इमारतीचा दर्शनी भाग दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कोणत्याही कैद्याला समोरच्या कैद्याचे तोंड दिसू नये. त्या भिंती कैद्यांच्याच हातांनी उभ्या राहिल्या. राजकीय बंदिवान तेथे आले ते त्यानंतर. जे हजारो कैदी आधीपासून दगड फोडीत, खाजण भरीत आणि अरण्य तोडीत आले होते, त्यांच्या श्रमांवर पोर्ट ब्लेअर शहर वसले.

राजबंद्यांचा छळ कसा होई हे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांना लिहिता येत होते. कोलूला जुंपलेल्या माणसाने दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल काढावयाचे, कमी पडल्यास शिव्या, मार आणि भिंतीला टांगलेली हातकडी; तुरुंगाधिकारी डेव्हिड बारी आणि त्याच्या हाताखाली जमादार, टिंडल, पेटी अफसर अशी कैद्यांमधूनच निवडलेली उतरंड. १९१२ च्या एप्रिलमध्ये माणिकतळा कटातील तरुण इंदुभूषण रॉय आपल्या कोठडीत गळफास लावलेल्या स्थितीत आढळला. असह्य श्रम व अपमान यांनी त्याचा बळी घेतला, असे त्याच्या सोबत्यांनी निक्षून सांगितले. तुरुंगातील श्रमांचा या मृत्यूशी संबंध नाही, अशी अधिकाऱ्यांची भूमिका राहिली. त्याच वर्षी उल्हासकर दत्ताचे मन ढासळले, त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली आणि सरकारी कागदांत त्याचे कारण मलेरियाचा ताप असे नोंदविले गेले. माझ्या मते या दोन्ही बाबतींत निकाल देण्यास आज अडचण नसावी. ज्या खात्यावर आरोप, त्याच खात्याने चौकशी केली. उलटपक्षी बारींद्रकुमार घोष, उपेंद्रनाथ बंडोपाध्याय, भाई परमानंद आणि सावरकर यांच्यासारख्या निरनिराळ्या प्रांतांच्या, निरनिराळ्या मतांच्या आणि पुढे परस्परांपासून फार दूर गेलेल्या माणसांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या आठवणी त्या छळाविषयी एकमुखी आहेत. अशा साक्षी जेथे जुळतात तेथे संशयाला जागा उरत नाही.

१९३३ सालचे प्रकरण याहून विषण्ण करणारे आहे. मे महिन्यात उपोषणाला बसलेल्या राजबंद्यांना बळजबरीने नळीवाटे दूध पाजण्यात आले, आणि ते फुप्फुसांत उतरून लाहोर कटातील महावीरसिंह १७ मे रोजी मरण पावला; त्याच महिन्याच्या अखेरीस मोहनकिशोर नामदास आणि मोहित मैत्र हेही गेले. तिघांचीही प्रेते त्यांच्या आप्तांना मिळाली नाहीत. रात्रीच्या अंधारात दगड बांधून ती समुद्रात सोडण्यात आली, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले आहे. १९३७ साली पुन्हा मोठे उपोषण झाले, देशभर संताप उसळला, आणि १९३८ च्या आरंभी शेवटचे राजबंदी मुख्य भूमीवर परत आणले गेले. साधे कैदी मात्र तेथेच राहिले. त्यांच्यासाठी कोणी सभा घेतली नव्हती.

मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी बेटे घेतली आणि स्वातंत्र्याच्या नावाने आलेल्या त्या अमलाने त्याच तुरुंगाचा उपयोग स्थानिक लोकांना हेर ठरवून छळण्यासाठी केला. लोकांचे डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाणसिंग यांना दीर्घ यातना देऊन १९४४ च्या जानेवारीत मारण्यात आले. त्याच महिन्याच्या ३० तारखेस हम्फ्रीगंज येथे चव्वेचाळीस जणांना गोळ्या घालण्यात आल्या. आणि युद्ध संपता संपता, ऑगस्ट १९४५ मध्ये, शेकडो लोकांना शेती करण्याच्या बहाण्याने बोटींत भरून हॅवलॉक बेटानजीक पाण्यात लोटण्यात आले. त्यांतील बहुतेकांची नावे अज्ञातच राहिली. जाताना जपान्यांनी स्थानिक दप्तरही नष्ट केले, आणि अंदमानचा इतिहास आता कधीच पुरा कळणार नाही हे मत जे रूढ झाले त्याचे मूळ येथे आहे.

मला हे मत मान्य नाही. शिक्षा पोर्ट ब्लेअरमध्ये दिली जात नव्हती. ती पुण्यात, ठाण्यात, धारवाडात, सुरतेत दिली जात होती. तिचा निकाल, कैद्याचे वय, जात, धंदा, अंगावरच्या खुणा आणि रवानगीचा हुकूम हे सारे इलाख्याच्या सरकारी दप्तरात नोंदले जात होते. त्याच्या प्रती कलकत्त्यास, दिल्लीस आणि लंडनला जात होत्या. जपान्यांनी जाळले ते एका टोकाचे दप्तर. दुसरे टोक आपल्यापाशी आहे.

या म्हणण्याचा अर्थ काय, हे एका मराठी स्त्रीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. पुण्यात महात्मा फुले यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसविले, तिला मूल झाले, आणि लोकलज्जेने भयभीत झालेल्या त्या मातेने ते अर्भक मारून विहिरीत टाकले. खटला चालला, आणि तिला काळ्या पाण्याची जन्मठेप झाली. शास्त्र्याला काहीच झाले नाही. या घटनेने व्यथित होऊन जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पुढे १८८४ साली विधवांच्या प्रश्नावर सरकारला आपले मत लिहून देताना जोतीरावांनी ही हकीगत स्वतः नमूद केली. इतके मराठी वाचकाला माहीत असते. पण काशीबाईचे पुढे काय झाले? ती बोटीवर कोठून चढली, वाटेतच गेली की बेटावर पोचली, तेथील स्त्रियांच्या तुरुंगात तिने किती वर्षे काढली, सद्वर्तनी स्त्री-कैद्यांना विवाहाची मुभा असे त्यानुसार तिने कोणा कैद्याशी संसार मांडला काय, तिला पुन्हा मूल झाले काय? आपल्या चरित्रग्रंथांत ती दंडाज्ञेच्या क्षणी येते आणि त्याच क्षणी नाहीशी होते. इतकेच नव्हे, तर पुढे फुले दांपत्याने ज्याला दत्तक घेतले त्या यशवंताच्या आईचे नावही काशीबाई असल्यामुळे या दोन निरनिराळ्या स्त्रिया वारंवार एकच मानल्या जातात. ज्या अभागिनीच्या दुःखातून महाराष्ट्रातील एका थोर संस्थेचा जन्म झाला, तिची स्वतंत्र ओळखसुद्धा आपण राखली नाही.

आणि ती एकटी नव्हती. बालहत्येच्या गुन्ह्यावरून समुद्रापार पाठविल्या गेलेल्या स्त्रिया त्या वसाहतीच्या आरंभापासून दिसतात. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेची फाशी रद्द होऊन तिला आधी जन्मठेप आणि नंतर पाच वर्षांची शिक्षा झाली, त्या खटल्यावरील गदारोळातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. म्हणजे आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासातील दोन महत्त्वाचे टप्पे काळ्या पाण्याच्या शिक्षेशी जोडलेले आहेत, आणि तरीही अंदमान म्हटले की आपल्याला बाई आठवत नाही.

अंदमानात आज ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखला जाणारा एक समाज आहे. निरनिराळ्या प्रांतांच्या, जातींच्या आणि धर्मांच्या कैद्यांच्या विवाहांतून तो निर्माण झाला आणि हिंदुस्थानी ही त्याची बोली झाली. त्या समाजात कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या स्त्रीचे वंशज असतील, तर त्यांना ते ठाऊक असण्याचा संभव फार थोडा, आणि इकडे तिच्या माहेरच्या माणसांना तर कलंक म्हणून तिचे नावच टाकून द्यावे लागले. खुनी आणि दरोडेखोर यांच्या आठवणी कशासाठी जपाव्यात, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझे उत्तर असे की, राज्य जेव्हा माणसाला त्याच्या देशातून, भाषेतून आणि नात्यांतून तोडून आयुष्यभरासाठी बेटावर नेऊन टाकते, तेव्हा त्याचा अपराध कोणता होता यापेक्षा त्याच्याशी काय वर्तन झाले, हे जाणण्याचा हक्क पुढच्या पिढ्यांना अधिक असतो.

सावरकरांनी १९११ नंतर सरकारला केलेल्या अर्जांवर महाराष्ट्रात जो वाद चालतो त्यात पडण्याचे मला येथे कारण नाही. मात्र एका बंदिवानाच्या काही कागदांवर जितकी शाई आपण खर्च केली, तिचा शतांशही बाकीच्यांच्या कागदांवर खर्च केली नाही, हे त्या वादातील दोन्ही पक्षांनी मान्य करावे. इमारतीच्या बाबतीतही आपण असेच सुस्त राहिलो. भूकंप, जपानी अंमल आणि स्वातंत्र्यानंतरची पाडापाड यांतून सातांपैकी तीनच इमारती वाचल्या, त्याही माजी राजबंद्यांनी आवाज उठविल्यामुळे. आणि ११ फेब्रुवारी १९७९ रोजी मोरारजी देसाई यांच्या हस्ते तेथे राष्ट्रीय स्मारक घोषित झाले. तेथील संगमरवरी फलकांवर राजबंद्यांची नावे आहेत. इतरांसाठी फलक नाही.

मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचा पुराभिलेख विभाग आहे, आणि मुंबई इलाख्याच्या न्यायखात्याची रुमाले तेथे जपलेली आहेत. महाराष्ट्र शासनाने विद्यापीठांच्या इतिहास विभागांना सोबत घेऊन त्यांतून १८५८ पासून काळ्या पाण्यावर पाठविलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचे नाव, गाव, गुन्हा आणि रवानगीची तारीख यांची यादी तयार करावी, ती मराठीत छापावी, आणि तिची प्रत पोर्ट ब्लेअरच्या वाचनालयात ठेवावी, अशी माझी मागणी आहे. ज्या वाचकांच्या घरी एखाद्या पणज्याला किंवा खापरपणजीला समुद्रापार नेल्याची दबक्या आवाजातील हकीगत अजून शिल्लक असेल, त्यांनी ती आता लाज न बाळगता लिहून काढावी आणि आपल्या जिल्ह्याच्या इतिहास मंडळाकडे पाठवावी. सांगणारी शेवटची पिढी वृद्ध झाली आहे.